गुऱ्हाळातला मासा, कारखान्यातला मासा

कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या दुकानाच्या शीतपेटीत हल्ली एक पाकीट दिसते. वर लालबुंद खेकड्याचे चित्र आणि आत बोटाएवढ्या, एका अंगाने तांबड्या असलेल्या पांढऱ्या कांड्या. पाकीट उलटे करून घटकपदार्थांची यादी वाचली की गंमत कळते. पहिला मासा, मग पाणी, स्टार्च, अंड्याचा पांढरा बलक, मीठ, साखर आणि अगदी शेपटाला खेकड्याचा स्वाद. खेकडा बहुतेक वेळा नसतोच, असला तर अर्कापुरता. तिथून फार लांब न जाता लक्ष्मीपुरीच्या बाजारात पाटीत सुकट आणि बोंबील मांडलेले असतात. त्यांना पाकीट नाही, यादी नाही आणि कसलेही चित्र नाही. दोन्ही समुद्रातून आलेले, दोन्ही महिनोन्‌महिने टिकणारे. मग यातला खरा मासा कोणता, आणि कुणात माशाचे पोषण जास्त उरले आहे?

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. ‘पाकिटातले ते सगळे वाईट, ताजे ते चांगले’ हे एक. ‘मासा तो मासाच, प्रथिने मिळाल्याशी कारण’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पहिले खरे मानले तर कोल्हापूरकरांना पिढ्यान्‌पिढ्या पोसणारी सुकटसुद्धा बाद होते. दुसरे खरे मानले तर खेकड्याची कांडी आणि बांगडा एकाच तोलाचे ठरतात. प्रक्रिया झाली की नाही हे पाहून भागत नाही. प्रक्रियेत माशातून फक्त पाणी गेले की पाण्याबरोबर आणखी काही गेले, आणि गेलेल्याच्या जागी काय भरले, हे पाहावे लागते.

घाटावर मासा कसा चढला

कोल्हापूर समुद्राच्या जवळ आहे आणि नाहीही. नकाशावर अंतर थोडे, पण मध्ये सह्याद्री उभा. रत्नागिरीकडून आंबा घाट, मालवण-देवगडच्या बाजूने फोंडा आणि गगनबावडा. मोटारी आणि बर्फाचे कारखाने येण्याआधी बैलगाडीने किंवा तांड्याने घाट चढून येईपर्यंत ओला मासा टिकणे शक्यच नव्हते. म्हणून खालून वर यायचे ते मीठ, नारळ आणि सुकी मासळी, आणि वरून खाली जायचे ते धान्य आणि गूळ. घाटावर समुद्राचा मासा आला तो मुळातच प्रक्रिया होऊन. सुकटीची चटणी आणि बोंबलाचे कालवण ही भाकरीची जुनी जोडी या भूगोलातूनच जुळली. ओला मासा हवा असेल तर नदी-तलावातला मरळ, कटला, अलीकडे चिलापी. समुद्राचा मासा म्हणजे वाळलेला, हे समीकरण मोडून बर्फातला बांगडा सगळीकडे पोचायला मोटारीचा रस्ता यावा लागला.

त्यामुळे ताजे विरुद्ध पाकीटबंद हा वाद किनाऱ्यावरच्या माणसाला शोभतो. पहाटे जाळे ओढले आणि दुपारी तव्यावर मासा पडला, असे त्याच्याकडे घडू शकते. घाटावरच्या माणसापुढे निवड असते ती एका प्रक्रियेची आणि दुसऱ्या प्रक्रियेची. बर्फ हीसुद्धा प्रक्रियाच आहे.

कोल्हापूरच्या ताटाला माशाकडून काय हवे

पोषणाचा हिशेब हवेत करून उपयोग नाही, तो एखाद्या ताटाच्या संदर्भात करावा लागतो. ज्या ताटात वरण-भाताखेरीज काही नाही, तिथे माशाचे प्रथिन मोलाचे. कोल्हापूरच्या मांसाहारी घराची स्थिती निराळी आहे. हा दुधाचा जिल्हा आहे, मटण इथल्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि अंडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चांगले प्रथिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम या तिघांकडून मिळू शकते. मग माशाने काय आणायचे?

मासा आणतो ते मुख्यतः त्याचे तेल. माशाच्या चरबीत लांब साखळीची दोन ओमेगा-३ मेदाम्ले असतात, ईपीए आणि डीएचए. मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या बांधणीत डीएचए लागते, आणि हृदयाच्या आरोग्याशी या दोघांचा संबंध अनेक वर्षांच्या अभ्यासांतून पुढे आला आहे. प्रौढ माणसाला रोज सुमारे पाव ग्रॅम पुरे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांचे मत आहे. मटणात आणि दुधात ही मेदाम्ले नगण्य असतात. तेलाबरोबर ड जीवनसत्त्व येते, आणि समुद्राचा मासा असेल तर आयोडीनही.

इथे घाटावरचा माणूस हमखास विचारेल, मग आमची जवसाची चटणी काय कामाची? तिच्यातही ओमेगा-३ असते म्हणतात. असते, आणि भरपूर असते, पण ते आखूड साखळीचे. शरीराला त्यातून ईपीए आणि डीएचए घडवावे लागते, आणि या कामात आपले शरीर कमालीचे आळशी आहे. ईपीए जेमतेम काही टक्के तयार होते आणि डीएचए त्याहूनही कमी. चटणी सोडायचे कारण नाही, पण ती माशाची जागा भरून काढत नाही.

म्हणजे आपल्याला मोजपट्टी मिळाली. पाकिटातल्या माशात प्रथिन किती हे पाहायचेच, पण तेल उरले की गेले हे त्याआधी पाहायचे.

गुऱ्हाळ: फक्त पाणी उडाले

माशावरच्या प्रक्रिया समजून घ्यायला कोल्हापूरकराला परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही. गुऱ्हाळ आणि साखर कारखाना शेजारी शेजारी पाहिलेले असतात. गुऱ्हाळात काहिलीत रस आटवतात, वरची घाण काढतात आणि उरते ते बहुतांशी जसेच्या तसे ढेपेत येते. रंग येतो, वास येतो, क्षारही येतात. कारखान्यात रसातला एकच पदार्थ निवडून स्फटिकांच्या रूपात वेगळा काढतात, आणि बाकी सगळे मळीत जाते. (गूळ औषधी आणि साखर विष, असा दावा इथे नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते. उपमा प्रक्रियेपुरती घ्यावी.)

सुके मासे ही गुऱ्हाळाची रीत आहे. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, त्याच्या वजनात पाण्याचा वाटा ८५ टक्क्यांच्या वर असतो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर तो उन्हा-वाऱ्यात टांगला की पाणी उडते आणि उरते ते दाट होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत सुक्या बोंबलाचे प्रथिन १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास दिले आहे आणि कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या वर. हे कॅल्शियम येते कुठून? काट्यांतून. बोंबील आणि जवळा आपण काट्या-सालासकट खातो, सुरमईच्या तुकडीचा काटा मात्र ताटाच्या कडेला जातो. कोवळ्या काट्यांसकट खाल्लेला लहान मासा कॅल्शियमच्या बाबतीत महागड्या तुकडीला सहज मागे टाकतो.

पण हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. कोणी शंभर ग्रॅम सुकट एका बैठकीत खात नाही. चटणीत माणशी पंधरा ग्रॅम सुके बोंबील आले तर नऊएक ग्रॅम प्रथिन आणि दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम, म्हणजे दीड अंड्याचे प्रथिन आणि अर्ध्या-पाऊण कप दुधाचे कॅल्शियम. भाकरीबरोबरच्या तोंडीलावण्याने एवढे दिले तर ते थोडे नव्हे.

आणि तेल? इथे सुकट हरते. बोंबील आणि जवळा मुळात कमी चरबीचे, त्यामुळे देण्यासारखे तेल त्यांच्याकडे नाही. चरबीचा मासा वाळवला तर तेल उन्हात आणि हवेत खवट होते, कारण ज्या रचनेमुळे ओमेगा-३ उपयोगी ठरते तीच रचना त्याला हवेपुढे नाजूक बनवते. खारवलेल्या माशात मिठाचा प्रश्नही येतो. वाऱ्यावर नुसता वाळवलेला बोंबील आणि मिठात मुरवलेला खारा मासा यांना एका मापाने मोजू नये. दुसरा, म्हणजे खारा मासा, उच्च रक्तदाब असणाऱ्याने चवीपुरताच खावा, आणि आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे.

कारखाना: राणी माशाची सुरिमी

आता ती खेकड्याची कांडी. तिची जन्मकथा जपानी असली तरी तिचा कच्चा माल आपल्या किनाऱ्यावरही तयार होतो. रत्नागिरीतला गद्रे मरीनचा कारखाना सुरिमी बनवणाऱ्या भारतातल्या आघाडीच्या उद्योगांपैकी आहे. सुरिमी म्हणजे माशाचा धुतलेला लगदा. त्यासाठी आपल्याकडे राणी मासा बऱ्याच प्रमाणात वापरला जातो. तो गुलाबी, देखणा, पण बाजारात सुरमई-पापलेटापुढे भाव न मिळणारा. स्वस्त माशाला मोल आणणारा उद्योग म्हणून सुरिमीचे महत्त्व मान्य करायलाच हवे. प्रश्न फक्त खाणाऱ्याला काय मिळते याचा आहे.

माशाचे मांस म्हणजे एकसंध गोळा नव्हे. त्यात दोन तऱ्हेची प्रथिने असतात. एक, स्नायूंचे तंतू घडवणारी, जी साध्या पाण्यात विरघळत नाहीत. दुसरी, तंतूंमधल्या रसात असलेली, पाण्यात विरघळणारी. एकूण प्रथिनांचा साधारण पाव हिस्सा या दुसऱ्या प्रकारचा असतो. त्या रसातच रक्ताचा रंग, वास आणि पाण्यात विरघळणारी ब गटातली जीवनसत्त्वे असतात. सुरिमीसाठी काटे-साल काढून मांसाचा खिमा करतात आणि तो थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. कुरडईचा चीक करताना आपण वरचे पाणी ओतून देतो आणि तळाचे तेवढे ठेवतो, तसेच. दर धुण्याला लगदा आणखी पांढरा, आणखी बिनवासाचा होतो. विरघळणारी प्रथिने जातात, जीवनसत्त्वे जातात, आणि तेलही सुटून वर येते ते काढून टाकतात, कारण तेल राहिले तर लगदा पुढे खवट होईल आणि नीट बांधणार नाही. कारखान्याच्या दृष्टीने जे विघ्न, ते आपल्या मोजपट्टीने मासा खाण्याचे मुख्य कारण.

उरलेला तंतूंचा लगदा गोठवून ठेवायचा तर दुसरी अडचण येते. गोठताना बर्फाचे स्फटिक तंतूंची घडी विस्कटतात आणि मग त्याला लवचिकपणा येत नाही. १९६० च्या सुमारास जपानच्या होक्काइडो बेटावरच्या संशोधकांनी यावर तोड काढली. लगद्यात साखर मिसळली की प्रथिने गोठतानाही शाबूत राहतात. आजही त्यात साखर, सॉर्बिटॉल हा साखरेचाच कमी गोड भाऊ आणि थोडे फॉस्फेट घालतात. कांडीला जी किंचित गोडी लागते ती खेकड्याची नव्हे, या साखरेची.

पुढचे काम स्वयंपाकघरासारखेच आहे. लगद्यात मीठ घालून घोटले की तंतू सुटतात आणि एकमेकांत गुंततात, कणीक मळताना गव्हाचे चिकट प्रथिन गुंतते तसे. स्टार्च, अंड्याचा पांढरा बलक, पाणी आणि स्वाद मिसळून त्याची पातळ चादर पसरतात आणि उष्णतेने ती घट्ट करतात. मग तिच्यावर बारीक रेघा पाडून अळूवडीच्या उंड्यासारखी गुंडाळतात. दातांखाली जे खेकड्याच्या मांसासारखे धागे सुटतात, ते या रेघांचे. वरून लाल रंग. कारागिरी म्हणून याला दाद द्यावी लागते.

आणि हिशेब? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नकोशात नुसत्या सुरिमीत १०० ग्रॅममागे सुमारे १५ ग्रॅम प्रथिन आणि एक ग्रॅमपेक्षा कमी चरबी दिली आहे. तिची नकली खेकडाकांडी झाली की प्रथिन साडेसातच्या आसपास उतरते आणि पिष्ट-शर्करा १५ ग्रॅमवर जाते. शिजवलेल्या खऱ्या खेकड्यात प्रथिन १८ ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे कांडीत प्रथिनापेक्षा पीठ-साखर दुप्पट, सोडियम पाचशे मिलिग्रॅमच्या वर आणि तेल नावापुरते. ती विष नाही. चरबी कमी आणि कॅलरी कमी, पचायला हलकी. पण कोल्हापूरच्या ताटाला माशाकडून जे हवे होते, ते रत्नागिरीच्या धुण्याच्या पाण्यातच निघून गेलेले असते.

पिठाचा अंगरखा

फिश फिंगर हे मुलांच्या डब्यातले लाडके प्रकरण. यात मासा धुतलेला नसतो, तुकडा किंवा दाबलेला खिमा असतो, म्हणून आतला मासा सुरिमीपेक्षा अस्सल म्हणावा लागेल. गडबड बाहेरून होते. पिठाचा घोळ, त्यावर ब्रेडचा चुरा, आणि तो चिकटून राहावा म्हणून कारखान्यातच तेलात एक ओझरते तळण. घरी आपण पुन्हा तळतो. तळताना माशातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्याची जागा तेल घेते. कढईत भजी सोडली की जे फसफसते ते हेच पाणी. बाहेर येते पाणी, आत जाते सोयाबीनचे किंवा पामचे तेल.

अशा पदार्थांची तुलना करायला एक सोपी युक्ती आहे. शंभर ग्रॅममागे न पाहता शंभर कॅलरीमागे किती प्रथिन मिळते ते काढायचे, म्हणजे पाणी आणि वजनाचा घोळ निघून जातो. कमी चरबीच्या साध्या माशात शंभर कॅलरीमागे वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळते. डब्यातल्या तारलीत बारा, अंड्यात नऊ, खेकडाकांडीत आठ. अन्नकोशानुसार फिश फिंगरमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे २७७ कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिन, म्हणजे शंभर कॅलरीमागे चार. आता घरातल्याच दोन वस्तू मोजा. तूरडाळीत शंभर कॅलरीमागे साडेसहा ग्रॅम आणि ज्वारीच्या पिठात तीन. प्रथिनाच्या पंगतीत फिश फिंगर बसते भाकरीशेजारी, डाळीच्याही खाली. प्राणिज प्रथिनाची प्रत वनस्पतीच्या प्रथिनापेक्षा सरस असते हे खरे, तरी अंतर इतके आहे की प्रतीने ते भरून निघत नाही.

मूल एरवी मासा तोंडात घेत नाही, निदान असा तरी खाईल, हा आईवडिलांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. वासाची आणि काट्याची भीती मोडायला ती पहिली पायरी होऊ शकते. मात्र ते खाऊ म्हणून मोजावे, माशाचे जेवण म्हणून नव्हे. शिवाय यासाठी वापरले जाणारे मासे बहुधा पांढऱ्या मांसाचे, कमी चरबीचे असतात, त्यामुळे तेलाच्या बाबतीत पाटी इथेही जवळपास कोरीच.

पाण्याचे वजन

साधा गोठवलेला मासा, ज्याला पीठ नाही की मसाला नाही, त्याच्याविषयीचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. ‘शिळा’ हा त्याच्यावरचा शिक्का. वस्तुतः मासा बिघडतो तो जंतूंमुळे आणि त्याच्या स्वतःच्या पाचकरसांमुळे, आणि उणे १८ अंशाला जंतूंची वाढ पूर्ण थांबते, पाचकरसांचे काम अगदी मंदावते. त्यासाठी परिरक्षक रसायन घालावे लागत नाही. थंडी हीच परिरक्षक. पकडल्यावर लगेच, झपाट्याने गोठवलेला बांगडा, घाट चढून आलेल्या आणि दोन दिवस बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’ बांगड्यापेक्षा पोषणात मागे असतो असे नाही. उलटही असू शकते.

झपाट्याने हा शब्द महत्त्वाचा. गोठणे संथ असेल तर बर्फाचे स्फटिक मोठे आणि टोकदार होतात, पेशी फाडतात, आणि मासा वितळताना जे गुलाबी पाणी भांड्यात साचते त्यातून प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे वाहून जातात. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेला मासा म्हणूनच पुष्कळ पाणी सोडतो. पाकीट हाताला लागताच तुकडे सुटे न हलता एकाच ढेकळासारखे वाटले, आत बर्फाचा भुगा दिसला, तर तो माल वाटेत वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे आणि परत ठेवावे. तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशांचे आयुष्य फ्रीजरमध्येही कमीच. जंतू थांबले तरी तेल खवट होणे संथपणे चालूच राहते.

कोळंबीची गोष्ट वेगळी आणि थोडी चटकदार. सोललेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवतात, तो तिला कोरडी पडण्यापासून वाचवतो, आणि पाकिटावरचे निव्वळ वजन तो थर सोडून धरायचे असते. तिथवर ठीक. पण कोळंबी फॉस्फेटच्या द्रावणात भिजवली की ती मांसात पाणी धरून ठेवते, आणि हे पाणी वजनात मोजले जाते. हे ओळखायचे कसे? अमेरिकन अन्नकोशात कच्च्या कोळंबीच्या दोन नोंदी आहेत. पूर्वी न गोठवलेल्या कोळंबीत १०० ग्रॅममागे प्रथिन २० ग्रॅम आणि सोडियम ११९ मिलिग्रॅम. आधी गोठवलेली असू शकेल अशा कोळंबीत प्रथिन १३.६ ग्रॅम आणि सोडियम ५६६ मिलिग्रॅम. कोळंबी तीच, पण प्रथिन तिसऱ्या हिश्श्याने उतरले आणि सोडियम जवळपास पाचपट झाले. पाकिटावरचे हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की आत किती पाणी विकत घेतले याचा अंदाज दुकानात उभ्या उभ्या येतो.

डबा आणि तर्री

आता राहिला पत्र्याचा डबा. घाटावर त्याच्याकडे संशयाने पाहतात. बंद डब्यातला, वर्ष-वर्ष टिकणारा मासा म्हणजे रसायनांत बुडवलेलाच असणार, अशी समजूत असते. पण डब्याचे गुपित कुकरपेक्षा वेगळे नाही. मासा आणि तेल किंवा टोमॅटोचा रस भरून, हवा काढून डबा हवाबंद करतात आणि मग दाबाखाली ११६ ते १२१ अंशांपर्यंत तापवतात. घातक विष तयार करणाऱ्या चिवट जंतूंचे बीजाणूही या तापमानाला मरतात. आत जंतू उरले नाहीत आणि बाहेरचे येऊ शकत नाहीत, म्हणून परिरक्षकाची गरजच राहत नाही. एवढी उष्णता सोसताना ब-१ सारखी काही जीवनसत्त्वे बरीच घटतात. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने मात्र बहुतांशी राहतात. ओमेगा-३ ही बरेचसे टिकते, कारण त्याचा खरा वैरी हवा आहे, आणि हवा आधीच बाहेर काढलेली असते.

शिवाय डब्यात एक गोष्ट घडते जी तव्यावर घडत नाही. काटे मऊ होतात. नळीचे हाड कुकरमध्ये फार वेळ राहिले की टोकाशी भुसभुशीत होते, तेच तारलीच्या बारीक काट्यांचे होते, आणि ते दातांखाली कळतही नाहीत. म्हणून काट्यासकट डबाबंद तारलीत १०० ग्रॅममागे ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, सुमारे २५ ग्रॅम प्रथिन, जवळजवळ एक ग्रॅम ईपीए-डीएचए आणि दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके ड जीवनसत्त्व. सुकटीचे कॅल्शियम आणि ओल्या माशाचे तेल एका ठिकाणी आणणारा पाकीटबंद प्रकार हाच. ट्यूनाचा डबा दिमाखात त्याच्याहून वरचा, पण ट्यूना बऱ्याचदा डब्यात भरण्याआधी शिजवतात, साल-काटे काढतात आणि सुटलेला रस-तेल निथळतात. प्रथिन भरपूर राहते, बाकीचे कमी. मोठ्या शिकारी माशांत साठणारा पारा लहानग्या तारलीत फारसा नसतो, हा आणखी एक फायदा.

आक्षेप मिठाचा आणि किमतीचा. मीठ असते, पण ते पाकिटावर लिहिलेले असते, त्यामुळे रश्श्यात तेवढे कमी घालता येते. किमतीसाठी पाकिटाची किंमत आतल्या एकूण प्रथिनाच्या ग्रॅमनी भागावी आणि अंड्याच्या अशाच भागाकाराशी ताडून पाहावी. डबा अंड्यापेक्षा महाग पडेल, पण तेलाचे पैसे त्यात वेगळे धरले पाहिजेत. फिश फिंगर आणि खेकडाकांडी या भागाकारात उघड्या पडतात.

> पाकीट उलटे केल्यावर
> घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या तिघांत मासा सोडून पीठ, स्टार्च, तेल आले तर समजून घ्यावे.
> ज्या घटकाचे चित्र किंवा नाव ठळक आहे, त्याचे प्रमाण टक्क्यांत देण्याचा नियम २०२० च्या लेबलविषयक विनियमांत आहे. तो आकडा शोधावा.
> सोडियमच्या मिलिग्रॅमला ४०० ने भागले की मिठाचे ग्रॅम कळतात. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम.
> ४५१, ४५२ हे क्रमांक फॉस्फेटचे, ४२० सॉर्बिटॉलचा. कोळंबीवर २२३ दिसला तर ते सल्फाइट, दमेकऱ्यांनी जपावे.
> खेकडाकांडीत मासा, अंडे आणि बऱ्याचदा गहू किंवा सोयाही असतो. ॲलर्जीची ओळ वाचल्याशिवाय पाहुण्याला देऊ नये.

पावसाळ्याचे दोन महिने

पाकिटांचा हा विचार सर्वांत उपयोगी पडतो तो १ जून ते ३१ जुलै या काळात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेव्हा यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, माशांची वीण सुरक्षित व्हावी म्हणून. बाजारात ओला समुद्री मासा आला तरी तो महाग आणि दुरून आलेला. याच दिवसांत पूर्वी सुकटीचा डबा उघडायचा, आणि आज शीतपेटीकडे हात जातो. त्या हाताला कांडी किंवा फिश फिंगर लागली तर चवीची हौस भागेल, पण श्रावण लागेपर्यंत ताटात माशाचे तेल काही आलेले नसेल. सुकट आणि काट्यासकट तारलीचा डबा यांची जोडी ठेवली तर काट्याचे आणि तेलाचे दोन्ही हिशेब जमतात.

डबा आणताना मासा तेलात आहे की मिठाच्या पाण्यात, हे जरूर पाहावे. तांबड्या रश्श्यावर तर्री येते ती मिरचीचा रंग पाण्यापेक्षा तेलात विरघळतो म्हणून. ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्वाचा स्वभावही तोच. मासा पाण्यात असेल तर त्याचे तेल बरेचसे त्याच्याच अंगात राहते, आणि पाणी ओतून दिले तरी नुकसान थोडे, मीठ मात्र कमी होते. मासा तेलात असेल तर त्याच्या अंगातले काही तेल बाहेरच्या तेलात उतरलेले असते. ते निथळून टाकण्यापेक्षा त्यातच मंद आचेवर कांदा परतावा, कांदा-लसूण चटणी घालावी, आणि तारली शेवटी सोडावी.